सिरास सरांचा कवितासंग्रह आपल्या वाचनालयात हवा

संपादक महोदय,
स. न.

आमच्या वाचनालयाने गेल्या रविवारी ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट दाखवला आणि नंतर समलिंगी, तृतीयपंथी माणसांचं सिनेमातलं चित्रण या विषयावर चर्चा ठेवली. ‘असले विषय वाचनालयात कशाला?’ असं एका वाचकाने आपल्याला लिहिलं आहे. मी त्या दुपारी तिथे होते, म्हणून हे पत्र.

हा चित्रपट ज्यांच्यावर आहे ते डॉ. रामचंद्र सिरास मराठीचे प्राध्यापक. मूळचे नागपूरचे, शिकवायचे अलीगढ मुस्लीम विद्यापीठात. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. मराठी कवीबद्दल मराठी वाचनालयात नाही बोलायचं, तर कुठे बोलायचं?

फेब्रुवारी २०१० मध्ये माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि समलिंगी संबंधांवरून निलंबन झालं ते सरांचंच. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालामुळे तेव्हा प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध हा गुन्हासुद्धा नव्हता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सर भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

चर्चा मात्र रमली ती एका साध्या प्रसंगावर. सरांच्या भूमिकेतले मनोज बाजपेयी खोलीत एकटेच बसलेत, हातात ग्लास, लताबाईंचं ‘आप की नज़रों ने समझा’ चाललंय आणि ते डोळे मिटून गुणगुणतायत. माझ्या शेजारी बसलेले ऐंशीच्या घरातले काका नकळत सोबत गुणगुणायला लागले. नंतर उठून म्हणाले, “मंडळी गेल्यापासून मीही रोज असाच बसतो.”

मागच्या रांगेत एक कॉलेजातला मुलगा होता. तो म्हणाला, “लहानपणी घरात सगळे मिळून पिक्चर बघायचो. बायकी चालीचा माणूस आला की सगळे हसायचे. मी सगळ्यात मोठ्याने हसायचो, माझ्याबद्दल कुणाला कळू नये म्हणून.” पुढे तो बोलला नाही. कुणी त्याला खोदून विचारलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गातलं असं हसणं मी वेळीच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं, याचं वाईट वाटतं.

मराठी पडद्याला हा विषय नवा नाही. ‘उंबरठा’मध्ये १९८२ सालीच आश्रमातल्या दोघींचं नातं आलं होतं. आम्ही मैत्रिणी स्मिता पाटीलबद्दल भरभरून बोललो, त्या दोघींबद्दल चकार शब्द नाही. २०२५ साली रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा, त्याचा लहानपणचा मित्र आणि ‘लग्न कधी करतोस’ म्हणणारे नातेवाईक. यात परकं काय आहे?

कार्यकारिणीला विनंती, एखाद्या तक्रारीने हा उपक्रम बंद करू नका. पुढच्या वेळी ‘उंबरठा’ लावा.

निघताना मी ग्रंथपालांकडे सिरास सरांचा संग्रह मागितला. नव्हता. मागणीच्या वहीत नोंद केली, तिच्याखाली काकांनीही सही केली. कुणा वाचकाकडे जुनी प्रत असेल तर कृपया वाचनालयाला द्यावी. आम्ही दोघं नंबर लावून आहोत.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका