उठावांना आसरा देणारा धर्म आणि नंतरची सत्ता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राजकीय उठावांची चर्चा निघाली की धर्माविषयी दोनच मते पुन्हा पुन्हा मांडली जातात. धर्म लोकांना गुंगवून ठेवतो, म्हणून तो क्रांतीचा शत्रू आहे, हे एक. आणि धर्मवेडाने भारलेले लोकच उठाव करतात, हे दुसरे. दोन्ही मते श्रद्धेच्या आशयावर नको इतका भर देतात, असे मला वाटते. राजवट जेव्हा पक्ष, कामगार संघटना आणि वृत्तपत्रे यांना टाळे ठोकते, तेव्हा एकत्र जमण्याची जागा, जमण्याचा दिवस आणि निरोप पोहोचवणारी माणसे प्रार्थनास्थळांपाशीच शिल्लक राहतात. उठावातले धर्माचे बळ मुख्यतः येथून येते आणि नंतर सत्ता कोणाकडे जाते, हेही बरेचसे यावरच ठरते.

इराणचेच पाहा. १९७५ मध्ये तिथले राजे शहा यांनी असलेले पक्ष गुंडाळून ‘रस्ताखीझ’ हा एकच पक्ष ठेवला. डाव्या आणि राष्ट्रवादी विरोधकांना ‘सावाक’ या गुप्त पोलीस दलाने आधीच जेरीस आणले होते. मशिदींचे जाळे मात्र शाबूत राहिले. ७ जानेवारी १९७८ रोजी एका दैनिकात शहांचे कडवे विरोधक असलेले धर्मगुरू खोमेनी यांची निंदानालस्ती करणारा लेख छापून आला आणि ९ जानेवारीला कोम शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला. शिया परंपरेत मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा होते. त्याप्रमाणे १८ फेब्रुवारीला तब्रीझमध्ये लोक रस्त्यावर आले, तेथेही माणसे मारली गेली आणि त्यांचा चाळिसावा दिवस मार्चअखेरीस यझ्द व इतर शहरांत पाळला गेला. पुढच्या निदर्शनाची तारीख कोणी जाहीर करण्याची गरजच नव्हती. ती घरोघरी ठाऊक होती. सभेला बंदी घालणे सरकारला सोपे असते, पण मृतासाठी जमलेल्या आप्तांना हुसकावून लावणे फार महागात पडते.

तरीही शहांची राजवट केवळ शोकसभांनी कोसळली नाही. त्या वर्षाच्या शरद ऋतूत तेल कामगारांनी संप केला आणि सरकारच्या मिळकतीचा मुख्य झराच आटला. विद्यार्थी, बाजारातले व्यापारी, डावे गट, स्त्रिया असे सगळेच या लढ्यात होते. १६ जानेवारी १९७९ रोजी शहा देश सोडून गेल्यावर प्रश्न उरला तो मोहल्ल्यामोहल्ल्यात माणसे कोणाकडे आहेत, एवढाच. ती मशिदींकडे होती, म्हणून सत्ता धर्मगुरूंच्या हाती गेली. ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो स्त्रिया हिजाबसक्तीच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या, पण त्यांच्या पाठीशी उभी राहील अशी देशव्यापी संघटना नव्हती. महिनाअखेरच्या सार्वमतात इस्लामी प्रजासत्ताक हवे की नको, एवढेच विचारले गेले. दुसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच.

कम्युनिस्ट राजवटीखालच्या पोलंडमध्ये श्रद्धा कमी होती, असे कोणी म्हणणार नाही. जून १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले, तेव्हा त्यांच्या सभांना लाखो लोक लोटले. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, तेव्हा फाटकावर पोपचे चित्र लावलेले होते आणि आवारात प्रार्थना होत होती. पण कामगारांच्या एकवीस मागण्यांपैकी पहिली होती स्वतंत्र कामगार संघटनेची; धर्माचा उल्लेख तिसऱ्या मागणीत, तोही सर्व धर्मपंथांना प्रसारमाध्यमे खुली करावीत एवढ्यापुरता. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर चर्चने या संपातून उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेच्या चळवळीला आसरा दिला. येझी पोपियेवुश्को या धर्मगुरूला १९८४ मध्ये गुप्त पोलिसांनी ठार केले, ते याच कारणासाठी. तरी १९८९ च्या निवडणुकीत जिंकली ती ‘सॉलिडॅरिटी’. चर्चने पुढे आपले वजन वापरले नाही असे नाही, १९९३ चा गर्भपातावरील निर्बंधांचा कायदा त्याची साक्ष देतो. पण राज्य धर्मगुरूंच्या हाती गेले नाही, कारण ते चालवू शकणारी दुसरी संघटना जिवंत होती.

धर्मग्रंथ काय सांगतो, यावरून उठावाची दिशा सांगता येत नाही, हे तर १५२५ मध्येच दिसले होते. जर्मनीतील शेतकऱ्यांनी ख्रिस्ताने मेंढपाळापासून थोरामोठ्यांपर्यंत सर्वांना आपल्या रक्ताने मुक्त केले आहे, असा दाखला देऊन वेठबिगारी रद्द करण्याची मागणी केली. त्याच बायबलच्या आधारे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी त्या शेतकऱ्यांना चिरडून टाका, असे सरदारांना सांगितले.

धर्माच्या बळाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. २००७ मध्ये ब्रह्मदेशातील भिक्खूंनी आपली भिक्षापात्रे पालथी धरून लष्करी अधिकाऱ्यांचे दान नाकारले. दान देऊन पुण्य मिळवण्याचा मार्गच सत्ताधाऱ्यांना बंद करणे, ही बौद्ध समाजात फार मोठी शिक्षा आहे. पण सप्टेंबरअखेरीस लष्कराने विहारांवर छापे घातले, भिक्खूंना पकडून नेले आणि राजवट टिकली. नैतिक अधिकार भिक्खूंकडे पुरेपूर होता. तेल कामगारांनी इराणमध्ये केला तसा कारभार ठप्प करणारा संप मात्र त्यांच्या जोडीला नव्हता.

म्हणून आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. कोठेही उठाव झाला की बातम्यांत घोषणा, झेंडे आणि प्रार्थना करणाऱ्या जमावाची छायाचित्रे येतात. त्यांच्या जोडीने त्या देशात कामगारांच्या, वकिलांच्या, विद्यार्थ्यांच्या व स्त्रियांच्या कोणत्या संघटना अजून उभ्या आहेत आणि कोणत्या कधी मोडल्या गेल्या, हेही वाचकांना सांगत जावे.

आपला,
एक नियमित वाचक