मान डोलावली, बंड्या

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, साखरेची गोळी चालू.

शनिवारी इथे अमेरिकेत मराठी मंडळींच्या जेवणात एक गृहस्थ श्रीखंड वाढून घेता घेता म्हणाले, "आपण आलो ते आलो, आता मात्र नव्या लोकांना दार बंद करायला हवं." आणि मी मान डोलावली. तोंडात पुरी होती, हे खरं. पण डोलावली. रात्री झोप लागेना तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा जुना न्यायाधीश सदरलँड आठवला. तुझा शत्रू.

मूट कोर्टात, त्या लुटुपुटूच्या खटल्यात, तू अमेरिकन नागरिकत्वासाठी लढणाऱ्या भगतसिंग थिंडचा वकील, मी सरकारचा. मी जिंकलो, तू तीन दिवस बोलला नाहीस आणि ढालही तुझ्याच खोलीत नेऊन ठेवलीस! तेव्हा आपण निकाल वाचला, तो लिहिणारा माणूस कुठे वाचला होता? जॉर्ज सदरलँड 1862 चा, जन्म इंग्लंडातल्या स्टोनी स्ट्रॅटफर्डचा. जेमतेम वर्षाचा असताना आईबापांनी युटाला आणला. प्रोव्होला बापाबरोबर वकिली, मग प्रतिनिधिगृह, मग 1905 ते 1917 सिनेट. तिथे बायकांच्या मताधिकारासाठी घटनादुरुस्ती मांडली, म्हणजे नुसता खडूस म्हणून सोडून देता येत नाही. 1922 मध्ये दोस्त असलेल्या राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने सर्वोच्च न्यायालयावर नेमला. सिनेटने त्याच दिवशी मंजुरी दिली.

त्याच नोव्हेंबरात नागरिकत्व मागणाऱ्या जपानी ओझावाला (कायद्याने ते तेव्हा परक्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांनाच मिळे) सदरलँड म्हणाला, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू नाहीस. तीन महिन्यांनी थिंड म्हणाला, मी कॉकेशियन. अमेरिकन फौजेत नोकरीही केलेली. तर सदरलँड म्हणे शास्त्र राहू दे, सामान्य माणसाला गोरा वाटेल तोच गोरा! "ज्याची बॅट त्याचा नियम," असं तू भर कोर्टात ओरडला होतास. मी हसलो होतो.

थिंडचा खरा वकील कोण, माहितीय? सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा. निकालानंतर सरकार त्याचंही नागरिकत्व काढायला निघालं. तो लढला, 1927 मध्ये सुटला. वैष्णोदास बगाई या दुसऱ्या भारतीयाचं मात्र गेलंच, 1928 मध्ये त्याने जीव दिला.

आणि 1932 मध्ये, फाशीच्या खटल्यातल्या गरीब काळ्या पोरांना नीट वकील मिळालाच पाहिजे, हे लिहिणाराही हाच सदरलँड. याला कुठल्या खान्यात टाकू, सांग. तो स्वतः आला तेव्हा त्याला कुणी काही विचारलं नसेल. मला विचारलं, अकरा वर्षं विचारलं, तरी मी मान डोलावलीच की! गुरुवारी माझी नागरिकत्वाची शपथ आहे. थिंडच्या निकालाने बंद झालेली ही वाट आपल्याकडच्यांना 1946 च्या कायद्याने पुन्हा उघडली. बायकोला हे बोललो तर म्हणाली, "श्रीखंड जास्त झालं असेल." तू तसं म्हणणार नाहीस. तू तीन दिवस बोलणार नाहीस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीचा निकाल लागला का? जुन्या वाड्याचं काय ठरलं, ते कळव.

ढाल माळ्यावर असेल तर तिथेच राहू दे. मागणार नाही.

तुझा,
नान्या