भाजीला पायी जाता आलं पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची निवृत्त शिक्षिका. सध्या मुलीकडे जर्मनीत, ब्रेमेनला राहते. लेक-जावई कामाला गेले की बाजारहाट माझ्याकडे असतो, आणि तो मी पायीच करते.

इथे रविवारी किराणा-भाजीची दुकानं बंद. त्यामुळे शनिवारी दूध, पाव, बटाटे जास्तीचे आणावे लागतात. एरवी पेलवेल तेवढंच. जाताना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या नेते. दुकानातल्या यंत्रात टाकल्या की बाटलीमागे २५ सेंट अनामत परत मिळते. फिन्डॉर्फ भागात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी भाजीबाजार भरतो. तिथे पाहिलं तर माझ्याहून म्हाताऱ्या बायका चाकांची पिशवी ओढत किंवा वॉकर ढकलत एकट्या येतात. कांदे निवडतात, भाजीवाल्याशी दोन शब्द बोलतात आणि घरी जातात. सोबत कोणी लागत नाही.

केळी इथे डझनावर नाही, किलोवर. इक्वेडोर, कोलंबियाहून जहाजानं आलेली. जात बहुतेक आपल्याकडच्या ग्रँड नैनसारखीच, पण रावेर-यावलच्या केळीची गोडी त्यांना नाही. खरं तर जिन्नस आपलेच सरस. गिलकी, पोकळा, भरिताची हिरवी वांगी सकाळी शेतातून निघून दुपारच्या आत चौकात येतात. गावी आमच्या घरापासून भाजीबाजार जितका जवळ, तितकं इथल्या घरापासून दुकानही जवळ नाही.

तरी गावी माझ्या वयाच्या मैत्रिणींनी भाजीला जाणं सोडलं आहे. गुडघे हे एक कारण. पण गुडघे इथल्या बायकांचेही दुखतात. आमच्याकडे गटारीवरचा ढापा फुटलेला असतो. फुटपाथ असला तर इतका उंच की चढायला हात धरावा लागतो. चढलं की पुढे विजेची डीपी, दुकानाचा बोर्ड, ओळीनं लावलेल्या मोटारसायकली. मग उतरा रस्त्यावर, ट्रॅक्टर आणि रिक्षांच्या मध्ये. एक मैत्रीण ढाप्यात पाय अडकून पडली, तेव्हापासून तिची सून फोनवर भाजी मागवते. सुनेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण वांगं हातात घेऊन, देठ पाहून निवडणारी ती बाई. तिचं घराबाहेरचं जगच त्या एका ढाप्यानं बंद केलं.

ब्रेमेनमध्ये फुटपाथ रस्ता ओलांडायच्या जागी उतरता केलेला असतो. झेब्रा पट्ट्यावर माणूस ओलांडायला उभा असेल तर गाडीनं थांबायचं, हा कायदा आहे आणि गाड्या थांबतात. आपल्याकडेही नियमांची उणीव नाही. रस्ते कसे असावेत याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क असल्याचं स्पष्ट केलं. गल्लीतला ढापा बदलायला याहून मोठा आधार कोणता हवा?

एक कळकळीची विनंती. फुटपाथ मोकळे करा म्हटलं की पहिली धाड भाजीवाल्या बायकांच्या टोपल्यांवर पडते. तसं करू नये. त्या आहेत म्हणून पायी जाण्यात अर्थ आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे समिती, सर्वेक्षण करून त्यांना आखलेली जागा द्यावी. दुचाक्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावाव्यात.

सुरुवात एकाच रस्त्यानं करावी: बसस्टँड ते भाजीबाजार. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी एका सकाळी बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना सोबत घेऊन, हातात भरलेली पिशवी धरून हा रस्ता चालावा. जिथे कुणाला हात धरावा लागेल, तिथे खडूनं खूण करावी. त्या खुणांची यादी आपण वृत्तपत्रात छापावी आणि महिन्याभरानं त्यातलं काय दुरुस्त झालं तेही छापावं. दिवाळीला मी गावी येणार आहे. आमच्या गावच्या फेरीत मी असेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(जळगाव जिल्हा, सध्या ब्रेमेन, जर्मनी)