घराच्या कागदांची फाइल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कोथरूडचा फ्लॅट विकायचे तुम्ही नक्की केले आहे आणि लिफ्ट नसलेले तीन जिने आईच्या गुडघ्यांना आता झेपत नाहीत, तेव्हा त्या निर्णयाबद्दल मी काही लिहीत नाही. घर पाहायला येणाऱ्यांपुढे कोणते कागद ठेवायचे आणि त्यांना काय काय सांगायचे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

बाबांची हिरवी रेक्झिनची पिशवी मी दिवाळीत उघडली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या त्या पिशवीत 1988चा नोंदणीकृत करारनामा, सोसायटीचा भागदाखला, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि मालमत्ता कराच्या पावत्या वर्षवार लावलेल्या आहेत. (बाबांनी पावत्यांना लावलेल्या टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या आहेत, त्या ओढून काढू नका.) इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) मात्र त्यात नाही. करारनाम्यावरच्या शिक्क्यात दस्त क्रमांक व वर्ष आहे, त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मिळेल. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी दिल्याचा महापालिकेचा दाखला) आणि मंजूर नकाशा यांच्या प्रती सोसायटीकडे मागाव्या लागतील, कारण घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक हे दोन्ही कागद मागतेच.

खरी अडचण आईच्या नावाची आहे. करारनाम्यात आणि भागदाखल्यावर तिचे लग्नात ठेवलेले नाव आहे, तर पॅन कार्डावर माहेरचे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवू आणि तेवढे पुरेल की राजपत्रातली नोंदही लागेल, हे वकिलांना विचारू. ऐन नोंदणीच्या दिवशी हा घोळ निघायला नको.

आता बाबा, थोडे स्पष्ट लिहिते, रागावू नका. बेडरूममधल्या कपाटामागची भिंत दर जुलैत ओल धरते आणि पलीकडच्या बाथरूमची गळती दोनदा दुरुस्त करूनही थांबलेली नाही. घर दाखवण्यापूर्वी रंग काढून घेऊ म्हणजे प्रश्न मिटला, असे तुम्ही म्हणालात, ते मला पटलेले नाही. जो दोष आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन पाहिले तरी दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 55 सांगते; आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पहिल्याच पावसात त्या माणसाचा फोन आला तर तुम्हाला झोप लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. बाल्कनीला काचा लावून केलेली खोलीही मंजूर नकाशात नाही. या दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहून फाइलमध्ये सर्वांत वर ठेवू. भाव थोडा उतरेल, तो उतरू दे.

पैशांचे थोडक्यात सांगते. सोसायटीला महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) म्हणून 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक ठरली तर घेणारा 1 टक्का टीडीएस (तुमच्या नावे सरकारात भरायचा प्राप्तिकर) कापेल, तेव्हा पैसे कमी आले म्हणून घाबरू नका. घर 2001 पूर्वीचे असल्यामुळे विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना मूळ खरेदी किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 रोजीचे बाजारमूल्य धरता येते. त्याचा मूल्यांकन अहवाल सीएंच्या सल्ल्याने करून घेऊ.

मूळ कागद एजंटाच्या हाती एक दिवसासाठीसुद्धा देऊ नका. ते घरी बसून दाखवावेत. द्यायच्या त्या झेरॉक्स, आणि त्यांवर ‘फक्त विक्रीच्या माहितीसाठी’ असे आडवे लिहून तारीख घालावी. आधार कार्डाची प्रत सौदा पक्का होईपर्यंत कोणालाही देण्याचे कारण नाही.

मी येत्या शनिवारी येते. बाबा, ते कपाट आपण दोघे मिळून सरकवू आणि भिंतीचे फोटो काढू; तोवर रंगाऱ्याला बोलावू नका.

तुमची,
धाकटी