फोटोत नसलेल्यांना

परवा गोरेगावच्या चित्रनगरीत आमच्या मालिकेचं पॅकअप झालं, कायमचं. केक कापला, फोटो निघाले; त्यात सगळे कॅमेऱ्यापुढचेच. म्हणून हे आभार.

फोकसवाले दादा, क्लोजअपआधी तुम्ही टेपचं टोक माझ्या डोळ्याजवळ आणायचात, आणि मी जरा हलले की पुन्हा मोजायचात. रडण्याच्या सीनमध्ये मी खुणेपासून वीतभर पुढे सरकले, तरी चित्र धूसर झालं नाही. कौतुक माझं झालं!

कंटिन्युइटीवाली पोरगी रोज माझ्याशी भांडायची. आधीच्या शॉटमध्ये मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या होत्या की सरळ, पदर कुठल्या हातात होता. बरोबर तीच असायची, आता कबूल करते.

बूमवाले दादा माइकची काठी उंच धरून पुतळ्यासारखे उभे. मे महिना, आवाजासाठी पंखे बंद. कट झाला की स्पॉटदादांचा चहा हजर. माझा बिनसाखरेचा, न सांगता.

आणि जनरेटरवाले काका, तुमची गाडी आवाजामुळे कायम लांब, त्यामुळे तुमचा चेहराही मी पाहिलेला नाही. शेवटच्या दिवशी तिथवर चालत आले, तर तुम्ही जेवायला गेलेले. डबा बॉनेटवर ठेवून आले. पुरणपोळ्या होत्या, तूप वेगळं बांधलेलं. मिळाल्या ना?