दुर्दैव कसले? बिदागीचा घोळ!

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या जर्मन विनोदी ऑपेरावरील लेखात आल्बेर्ट लॉर्त्सिंगचे दारिद्र्य दैवाच्या माथी मारले आहे. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात माझी हयात गेली, म्हणून हे लिहितो.

लॉर्त्सिंग (१८०१-१८५१) मूळचा बर्लिनचा. आईवडील चामड्याचा धंदा सोडून नाटकात शिरलेले, त्यामुळे पोर विंगेतच वाढले. नट, गायक, संगीतकार आणि बहुतेक ऑपेरांचा लेखकही तोच. गद्य संवाद, मग गाणे, पुन्हा संवाद, असा बाज. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला परका वाटू नये. ‘झार आणि सुतार’ १८३७ मध्ये लाइपझिगला आला तेव्हा एक मुख्य भूमिका त्याने स्वतः गायली आणि विधवा ब्रोवेच्या भूमिकेत त्याची आई होती. त्यातला गावचा बढाईखोर नगराध्यक्ष राजाच्या स्वागतगीताची तालीम घेतो, तो प्रवेश जरूर ऐकावा. असले तालीममास्तर मी पाहिलेत!

हा ऑपेरा पुढे जर्मनीभर लागला. पण तिथला तेव्हाचा रिवाज असा, की थिएटरने उक्ती रक्कम देऊन ऑपेरा एकदाच घ्यायचा. नंतर कितीही प्रयोग होवोत, कर्त्याला दमडी नाही. आमच्याकडे पडदा ओढणाऱ्यालाही नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, मिळते हो. घरात लेकरांचा मोठा खटला, त्यात १८४५ मध्ये लाइपझिगची नोकरी गेली. व्हिएन्नात बस्तान बसते न बसते तोच १८४८ च्या क्रांतीची धामधूम. मग गावोगाव पुन्हा नट म्हणून फिरणे आणि शेवटी बर्लिनच्या एका थिएटरात फार्सांच्या वाद्यवृंदापुढे उभे राहणे. २० जानेवारी १८५१ ला त्याच्या ‘ऑपेराची तालीम’ या एकांकिकेचा पहिला प्रयोग फ्रँकफुर्टला झाला; दुसऱ्या दिवशी तो बर्लिनला वारला. कुटुंबासाठी मदतीचे प्रयोग लागले ते त्यानंतर. यात दैव कुठे आले?

लेखात ‘रेगिना’चा उल्लेखही नाही. कारखान्यातल्या संपावर सुरू होणारा हा ऑपेरा त्याने १८४८ मध्ये लिहिला आणि तो रंगमंचावर यायला १८९९ उजाडले. त्यावर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

– एक जुना ऑर्गनवादक, सांगली