वनमंत्र्यांना खुले पत्र : वीतभर फणसासाठी

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यात राहतो आणि लाकडाची चित्रं करतो. नखाएवढे तुकडे कापायचे, एकमेकांना भिडवून चिकटवायचे, मग घासून सपाट करायचे. पिवळा फणसातून येतो, काळपट जांभळा शिसवीतून. हिरवा-निळा मात्र इथलं कुठलंच झाड देत नाही. त्यासाठी काळ्या कुड्याचं लाकूड (नाव काळा, आतून पांढराशुभ्र) पातळ चिरून आठवडाभर रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवतो. रंग आरपार मुरला नाही, तर पॉलिश पेपरचा पहिला हात फिरताच पांढरं डोकावतं. काळ्यासाठी गंजक्या खिळ्यांचं पाणी पुरतं. ऐनातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडली की लाकूड काळं पडतं. हळदीने तेवढा दगा दिला. उन्हाने वर्षभरात उडाली.

आता अडचण. फणस, हेदू, तिवस, ऐन, किंजळ ही माझी रंगपेटी, आणि ही सगळी नावं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत (परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत) आहेत. असायलाच हवीत. आमच्या बोडक्या डोंगरांकडे पाहिलं की कायदा ढिलाच वाटतो, तेव्हा सवलत मागायला हे पत्र नाही.

तुमच्या वनखात्याच्या आगारांत लाकडाचा लिलाव होतो तो घनमीटरच्या हिशेबाने. मला लागतं किलो-दोन किलो. वखारवाला तुकडे देतो, पण बिल देत नाही आणि लाकडाची जात विचारली की खांदे उडवतो. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडक्या शिसवी पलंगाचे पाय घेऊन येत होतो. एका नाक्यावर पोतं उघडलं गेलं. ‘लाकूड वाहतुकीचा पास कुठंय?’ पलंगाचा पास कुठून आणू? एसटी निघून गेली. नाक्यावरच्या माणसाचंही चुकलं म्हणत नाही, माझ्याकडे कागद नव्हताच.

आणि इकडे महामार्ग रुंद करताना पडलेले आंबे, जांभळं जळणात गेली. बुंध्याजवळच्या गाठीत सगळ्यात देखणी नक्षी असते, तीही चुलीत.

अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूरकडचा साग वाजतगाजत गेला. मला अभिमान वाटला, आणि (खोटं कशाला बोलू) कापताना उरलेल्या ढलप्यांचं काय झालं असेल, हेही मनात आलं.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत अशा जडावाच्या पेट्या होत. इंग्रज त्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत. रंगीत लाकडाच्या, हस्तिदंताच्या काड्या जुडीत बांधून चिकटवायच्या आणि आडव्या चकत्या कापायच्या, की प्रत्येक चकतीवर तीच नक्षी. हस्तिदंत बंद झाला ते उत्तमच. सुरतेत हे काम ‘सादेली’ नावाने अजून चालतं. मुंबईत करणारा मला तरी भेटलेला नाही.

मागणी एकच. आगारात महिन्यातून एक दिवस तुकडे किलोवर विका. पावतीवर झाडाची जात आणि आगाराचं नाव छापा, आणि तीच पावती वाहतुकीचा पास धरा. रस्त्याकडेची झाडं पडतील तेव्हा गाठी जळणात घालण्याआधी याच काट्यावर येऊ द्या.

सुरुवात सिंधुदुर्गातून करून पाहा. पहिलं गिऱ्हाईक मी. पिशवी घरून आणेन.

आपला,
एक लाकूडचित्रकार